वाकड्या लाकडाचं धनुष्य: खिशातून किती जातं?

आधी आकडा. घरात सुतारकामाचं काहीही सामान नाही असं धरलं, तर वाकड्यातिकड्या लाकडातून पहिलं धनुष्य करायला साधारण सात हजार रुपये लागतात. ते चालवायचंही असेल तर बाण वगैरे धरून आणखी दोन हजार. यात लाकडाचे पैसे जेमतेम दहा टक्के. बाकी बहुतेक हत्यारांचं, आणि हत्यारांतलंही निम्म्याच्या आसपास निव्वळ त्या वाकडेपणाचं. दुसऱ्या धनुष्याला मात्र हजार रुपयांत भागतं, कारण तोवर सामान घरात आलेलं असतं. खालचे सगळे भाव शहरातल्या हार्डवेअर दुकानांतले, ढोबळ धरलेले आहेत. तालुक्याच्या गावी काही स्वस्त मिळेल, काही मिळणारच नाही.

ज्यांना फक्त तिरंदाजी शिकायची आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. आपल्याकडच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात चालतं तसं बांबूचं तयार धनुष्य तीन ते पाच हजारांत येतं, आणि बहुतेक वर्गांत सुरुवातीला धनुष्य वर्गाचंच वापरायला देतात. स्वतः केलेलं धनुष्य स्वस्त पडतं हा हिशेब पहिल्या नगाला लागू होत नाही. हा खर्च करायचा तो लाकडात हात घालायची हौस आहे म्हणून.

वाकडंच का?

कारण सरळ मिळत नाही. साडेपाच-सहा फूट लांब, बिनगाठीचा, दोरीत असल्यासारखा बुंधा शोधायला निघालात तर तो एकतर जंगलखात्याच्या हद्दीत असतो, नाहीतर केव्हाच सॉ मिलवर गेलेला असतो. बांधावर, कुंपणात, विहिरीच्या काठाला जे उभं असतं ते वाकडं. अमेरिकेतही हेच झालं. टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या पट्ट्यातलं ओसेज ऑरेंज हे तिथलं धनुष्याचं नावाजलेलं लाकूड. काटेरी तारेचं कुंपण येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, शेतकऱ्यांनी कुंपण म्हणून त्याच्या रांगाच्या रांगा लावल्या. ही झाडं नागमोडी, पिळलेली, गाठाळ. तरी तिथले हौशी कारागीर त्यातूनच धनुष्यं काढतात आणि त्या वळणांचंच कौतुक करतात. तिथे फाळलेल्या, सुकवलेल्या एका चांगल्या ओंडक्याला शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. सुटीला भारतात येताना तो सोबत आणायचा विचार तिकडच्या मराठी मंडळींनी मनात आणू नये. कच्च्या लाकडाच्या आयातीला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाचे नियम लागतात. विमानतळावर अडकलात तर लाकूडही जाईल आणि दिवसही.

आपल्याकडे त्या तोडीचं लाकूड म्हणजे धामण. सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात वाढणारं, चिवट आणि लवचीक. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या दांड्या, वल्ही यांसाठी जुने लोक तेच निवडत. संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष असंच नाव आहे, यावरून काय ते समजा. अडचण एवढीच की ते बाजारात मिळत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या खासगी रानात असलं तरच. बाभूळ मात्र कुठेही. नांगर आणि बैलगाडीची चाकं जिच्यावर चालली ती ही बाभूळ. वजनाला भारी, टणक, आणि स्वभावानेच वाकडी. पहिल्या धनुष्याला बाभूळ घ्या. बिघडलं तरी जळणात जातं, जीव चुटपुटत नाही.

बांबूचं धनुष्य हा वेगळा विषय. नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्लांचा तीरकामठा बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. ते कसब शिकायचं तर तिकडे जाऊनच.

लाकूड मिळवताना

शेतकऱ्याकडून घेतलंत तर मनगटापेक्षा जाड, तीन ते चार इंच व्यासाचा, सहा फुटी दांडका शंभर ते दोनशे रुपयांत मिळायला हरकत नाही. बऱ्याचदा चहापाण्यावर भागतं. एक घेऊ नका. तीन घ्या. का ते पुढे येईल. तीन दांडके आणि टेम्पो किंवा एसटीच्या टपावरची वाहतूक, असे मिळून सातशे रुपये धरा.

कायद्याचं मात्र आधी पाहा. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, म्हणजे स्वतःच्या आवारातलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, तिवस अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. तरीही गाडीत लाकूड घालून निघण्यापूर्वी वनपालाला विचारून घ्यावं, फोनला पैसे पडत नाहीत. राखीव जंगलातून फांदीही उचलू नये. शहरवासीयांना सोपा मार्ग आहे: पावसाळ्याच्या तोंडावर पालिका फांद्यांची छाटणी करते, तेव्हा उद्यान विभागाला रीतसर विचारा.

वखारीतला चिरलेला तुकडा शक्यतो नको. सॉ मिलचं पातं सरळ जातं, लाकडाचे तंतू मात्र वळणाने गेलेले असतात. वाकडं लाकूड सरळ चिरलं की जागोजागी तंतू तुटतात आणि धनुष्य ओढलं की नेमकी तिथूनच चोय उठते. दिसायला ते चिरलेलं लाकूड सुबक असतं, आणि फसवणूक तिथेच होते.

कोणतं वाकडेपण फुकट, कोणतं महाग

खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सावकाश.

दांडक्याची साल काढा. सालीखालचा जो गुळगुळीत पृष्ठभाग निघतो तीच धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू. तिला पुन्हा हत्यार लावायचं नाही, पॉलिशपेपरसुद्धा हलक्या हातानेच. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट, म्हणजे तुमच्याकडची बाजू, दाबली जाते. ताणलेल्या बाजूचा एकही तंतू तुटलेला चालत नाही. ओसेजवाल्यांना एकच वाढवर्तुळ पकडून पाठ कोरावी लागते आणि त्यात दिवस जातात. आपल्या बाभळीत ती वर्तुळं तशीही नीट दिसत नाहीत. सालीखालची पाठ तशीच ठेवली की ती कटकट उरत नाही.

आता मध्यरेषा. सुतार इथे सूत मारेल. मारू देऊ नका. पेन्सिल चिमटीत धरा, मधलं बोट लाकडाच्या कडेला टेकवा आणि तंतू जिकडे नेतील तिकडे रेघ जाऊ द्या. दांडका डावीकडे वळला की रेघही डावीकडे, गाठीला वळसा तर रेघेलाही वळसा. या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच किंवा किंचित जास्त, म्हणजे भुजेची (मुठीपासून टोकापर्यंतच्या भागाची) रुंदी दीड ते पावणेदोन इंच. मूठ मध्यावर चार इंच लांब आणि सव्वा इंच रुंद, टोकं अर्ध्या इंचावर. अठ्ठावीस इंच खेचणाऱ्या माणसाला एकूण लांबी सहासष्ट ते अडुसष्ट इंच पुरते.

यानंतरच सूत काढा, पण मारायला नाही. जिथे दोरीच्या खाचा येणार त्या दोन टोकांना ते ताणून बांधा आणि वरून पाहा. सूत मुठीवरून कुठून जातं? मुठीच्या सव्वा इंचाच्या आतून जात असेल, तर भुजा मध्ये कितीही नागमोडी असोत, ते वाकडेपण फुकट. तसंच ठेवायचं. सूत मुठीबाहेर अर्धा इंच गेलं, तर मूठ किंचित सरकवून भागतं. इंच-दीड इंच बाहेर गेलं, तर लाकूड तापवून वाकवावं लागणार. तिथून पैसे सुरू होतात.

पाठीवरचे चढउतारही फुकटातले, वेळ मात्र खातात. पाठ जिथे उंचावते तिथे पोटही तितकंच उंचवायचं, जाडी सगळीकडे सारखी उतरत जायला हवी. पोट सरळ रंधलंत तर उंचवट्यावर लाकूड जाड राहील, खोलगट जागी पातळ, आणि धनुष्य त्या पातळ जागी बिजागरीसारखं मोडेल. सगळा दांडकाच लक्ष्याच्या दिशेने एखाद-दोन इंच वाकलेला असेल, तर ते भाग्यच समजा, ताण वाढतो.

पीळ महाग. टोकाकडे थोडासा पीळ असला तर तापवून निघतो. पण सालीवरच्या भेगाच जिन्यासारख्या गोल फिरत गेल्या असतील, तर तो दांडका शेतकऱ्याला परत करा. दुसरं टाळायचं ते म्हणजे पाठीवरची कुजकी, काळी गाठ आणि भुजेच्या कडेवर आलेली कोणतीही गाठ. भुजेच्या मधोमध असलेली घट्ट, जिवंत गाठ चालते. तिच्या भोवती बेटासारखं थोडं जास्त लाकूड सोडायचं.

सामान, आणि कुठे वाचवायचं

मुख्य हत्यार दोन मुठींचा ओढसुरा, दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून साल आणि जादा लाकूड काढायचा. बाहेरून मागवलात तर अडीच ते पाच हजार. लोहाराकडून ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्याचा करून घेतला तर सातशे, आणि खरं सांगायचं तर लोहाराचाच जास्त टिकतो. खरखरीत दातांची लाकडाची कानस चारशे. दोन्ही कानांनी धरायचा छोटा रंधा, दुकानात स्पोकशेव्ह म्हणून मागा, सहाशे. तो नसला तरी काम अडत नाही. शेवटच्या सफाईला हॅक्सॉचं तुटकं पातं उभं धरून खरवडलं की स्क्रेपरचे पैसे वाचतात. पॉलिशपेपर शंभर. चष्मा आणि हातमोजे अडीचशे, यात काटकसर करू नका.

मग वाकडेपणाचा कर. हीट गन दीड हजार, चार सी-क्लॅम्प प्रत्येकी साडेतीनशेच्या हिशेबाने चौदाशे. म्हणजे जवळजवळ तीन हजार फक्त सरळ करण्याचे. म्हणूनच वर तो सुताचा खटाटोप. दांडका निवडतानाच सूत मुठीतून जाणारा मिळाला तर हे तीन हजार वाचतात, आणि पहिल्या खेपेला मी तोच दांडका घेण्याचा सल्ला देईन. क्लॅम्प शेजारच्या फॅब्रिकेटरकडून चार दिवस उसने मिळू शकतात. हीट गनही भाड्याने मिळाली तर विकत घ्यायची गरज नाही.

विजेचं फारसं नाही. दोन हजार वॅटची गन चार तास चालली तर आठ युनिट, म्हणजे साठ-ऐंशी रुपये. गन लाकडापासून चार बोटं दूर, पोटाच्या बाजूने, एकाच जागी न रोखता फिरवत राहायची. लाकडाला हात लावता येईनासा झाला की क्लॅम्प हळूहळू आवळायचे. पाठ करपवायची नाही. पूर्ण गार होईपर्यंत क्लॅम्प सोडू नका आणि नंतर काही दिवस धनुष्याला हातही लावू नका. उष्णतेने उडालेला ओलावा हवेतून परत येऊ द्यावा लागतो, नाहीतर लाकूड कडक होऊन तुटतं. दांडका अजून ओलसर असेल तर वाफ बरी. पातेल्यात पाणी, वर तो भाग, भोवती फॉइल, आणि जाडीच्या इंचामागे एक तास. गॅस जातो तेवढाच खर्च.

उरलेलं किरकोळ. सामान तोलायचा अडकवणीचा डिजिटल काटा चारशे, एक कप्पी आणि नायलॉनची दोरी दोनशे, तयार डेक्रॉनची प्रत्यंचा पाचशे, उकळलेलं जवसाचं तेल दीडशे.

सुकवणं: फुकट, पण घाई महाग

ओलं लाकूड ओढलंत तर ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. दिवाळीनंतर तोडलेला दांडका लगेच धनुष्याच्या ढोबळ आकारात आणा, टोकांना फेविकॉल लावा आणि सरळ फळीला बांधून सावलीत ठेवा. अख्खा ओंडका सुकायला वर्ष जातं, असा ढोबळ आकार दीड-दोन महिन्यांत सुकतो. ओलावा मोजायचं यंत्र हजार-बाराशेचं. ते घेऊ नका. तोच डिजिटल काटा दर आठवड्याला लावा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं.

बाभळीला कीड लागते, विशेषतः सालीखालच्या पांढऱ्या लाकडाला. खाली बारीक भुसा पडलेला दिसला की उशीर झालेला असतो. साल पहिल्याच दिवशी काढा आणि बोरॅक्स व बोरिक पावडरच्या पाण्याचा हात फिरवा. दीडशे रुपयांत तीनही दांडके होतात. मे महिन्यापर्यंत काम उरका. कोकणातल्या पावसाळ्यात सुकलेलं लाकूडही पुन्हा ओलावा धरतं, त्या दिवसांत धनुष्य करायला घेऊ नये.

सुताराला द्यावं का?

दिवसाची मजुरी हजार ते दीड हजार. साल काढणं आणि पोटाकडचं जादा लाकूड उतरवणं एवढं अर्ध्या दिवसात होतं आणि तेवढ्यापुरता सुतार परवडतो. अट एकच: समोर उभं राहायचं. चांगल्या सुताराचा हात वाकडं दिसलं की सरळ करायला जातो, तो त्याच्या कामाचा धर्म आहे. तुम्ही चहा आणायला गेलात तेवढ्यात तो पाठीवर रंधा मारून दांडका छान एका पातळीत आणून ठेवेल, आणि तुमचे पैसे तिथेच बुडाले.

तोल साधणं

हे काम पैशाने होत नाही. दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढायचं. भिंतीवर खुंटी ठोका, तिच्यावर मूठ टेकवा, लांब दोरी लावा आणि खाली कप्पीतून ओढून काट्याशी जोडा. तुम्ही पाच-सहा फूट दूर उभे राहून ओढता आणि पाहता. तुटलं तर तोंडावर येत नाही.

सरळ लाकडात डोळ्याला नुसती कमान दिसते. वाकड्यात डोळा फसतो. भुजेवर मुळातलाच उंचवटा असतो आणि तो भाग ताठ आहे असं वाटून माणूस तिथलं लाकूड काढत बसतो. यावर उपाय साधा आहे. ओढण्याआधी धनुष्याची बाह्यरेषा मागच्या भिंतीवर किंवा प्लायवर पेन्सिलने काढून ठेवा आणि भुजेवर दर सहा इंचांवर खूण करा. मग ओढून प्रत्येक खूण मूळ जागेवरून किती खाली आली ते मोजा. आकार कसा दिसतो ते विसरा, बदल किती झाला तेवढंच पाहा. मोबाईल स्टँडवर ठेवून आधीचा आणि नंतरचा फोटो काढला तर हे आणखी सोपं जातं.

पस्तीस पौंड, म्हणजे काट्यावर सोळा किलो, एवढ्या ताणावर पहिल्या धनुष्याने समाधान मानावं. आणि ठरवलेल्या ताणापेक्षा जास्त एकदाही ओढायचं नाही, अगदी ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. प्रत्येक वेळी लाकूड काढल्यावर पंधरा-वीस वेळा हलकं ओढून मगच पुढचा निर्णय. खरवडलेल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. रोज संध्याकाळी तास-दीड तास दिलात तर महिना सहज जातो.

तीन दांडके का, ते इथे कळतं. पहिलं धनुष्य मोडणं ही दुर्घटना नाही, हिशेबातली बाब आहे. दीडशेचा दांडका मोडला तर दीडशेच गेले, हत्यारं आणि प्रत्यंचा शाबूत. एकच महागडा दांडका आणून त्यावर हात साफ करणाऱ्याला हे परवडत नाही. बिघडलेल्याचे तुकडे जपून ठेवा. कुठून तुटलं ते पाहिलं की पुढच्या वेळी कुठे लाकूड सोडायचं ते दिसतं.

चालवायला घेताना

बाण विकत घ्या. बाण करणं ही स्वतंत्र विद्या आहे. फायबरचे सहा बाण नऊशेपर्यंत, बोटांचा पट्टा आणि मनगटाचं चामडं चारशे. लक्ष्याला भाताच्या पेंढ्याचा घट्ट बांधलेला भारा चारशे-पाचशेत होतो. भाऱ्यामागे मातीचा बांध किंवा भिंत हवी. सोसायटीची गच्ची अजिबात नको. वन्य प्राणी-पक्ष्यांवर बाण सोडणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार ठरतं, मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका; सगळा झटका भुजांवर बसतो आणि महिन्याची मेहनत एका क्षणात फाटते.

तेलाचे तीन हात, प्रत्येकाला दोन दिवस सुकायला. काम झालं की दोरी उतरवून धनुष्य आडवं ठेवायचं, भिंतीला टेकवून नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर तेलाचा एकेक हात. दोरीचे धागे सुटायला लागले की नवी घ्या, पाचशेच रुपयांची आहे.